गाडीतला पिवळा दिवा पेटला तर काय करायचं, हे लोकांना कोणीतरी शिकवा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

सध्या लग्नसराई आणि सुट्ट्या दोन्ही एकदमच चालू आहेत, नागपूरची पोरं नोकरीसाठी पुण्या-मुंबईत, त्यामुळे समृद्धीवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना काही खंड नाही. उन्हाळ्यात टायर फुटणं, ड्रायव्हरला डुलकी लागणं यावर तुमच्या पेपरात नेहमी येतं आणि ते यायलाच पाहिजे. पण डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटतं, ज्याला सगळे चेक इंजिन लाईट म्हणतात, त्याबद्दल वाचल्याचं मला आठवत नाही. आणि लांबच्या प्रवासात तो दिवा पेटला की माणसं जे काही करतात ते पाहून काळजी वाटते म्हणून लिहितोय.

आपल्याकडे यात दोनच तऱ्हा दिसतात. एक म्हणतो काही नाही होत, सेन्सरचा प्रॉब्लेम असतो, चालू दे. दुसरा इतका घाबरतो की जिथे दिवा पेटला तिथेच गाडी उभी करून टाकतो, मग ते समृद्धीवर का असेना, मागून एकशेवीसच्या स्पीडने गाड्या येत असतात आणि हा बोनेट उघडून उभा, लेकरं बाजूला खेळतायत. मला विचाराल तर दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा जास्त जीवघेणा आहे. उभ्या वाहनाला मागून धडक बसल्याच्या बातम्या आपण तुमच्याच पेपरात वाचतो.

साधी गोष्ट आहे, दिव्याचा रंग बघायचा आणि तो स्थिर आहे की लुकलुकतोय ते बघायचं. लाल दिवा, म्हणजे ऑईलच्या बुधलीचा किंवा इंजिन तापल्याचा, पेटला तर पुढचं-मागचं काही नाही, सुरक्षित बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, ऑईलचं प्रेशर नसताना एकदोन किलोमीटर रेटली तरी इंजिन बसू शकतं. पिवळा दिवा स्थिर असेल, टेम्परेचरचा काटा जागेवर असेल, गाडी झटके मारत नसेल, जळका वास येत नसेल, तर त्याचा अर्थ एवढाच की गाडीच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवून ठेवलंय आणि ते लवकर दाखवून घ्या. बहुतेक बिघाडांत तर कॉम्प्युटर एकदा दिसलं म्हणून लगेच दिवा लावतही नाही, लागोपाठ दुसऱ्या वेळी गाडी चालवताना तेच दिसलं की मग लावतो. म्हणजे तो दिवा पेटायच्या आधीच तुम्ही त्या बिघाडासकट गाडी चालवलेली असते. स्पीड ऐंशीच्या आसपास आणा, जोरात ओव्हरटेक करू नका, चढावर ताणू नका आणि पुढच्या एक्झिटला उतरा.

पण तोच पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर गोष्ट वेगळी. याला मिसफायर म्हणतात, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधे पेट्रोल नीट पेटतच नाही, स्पार्क प्लग गेलेला असतो किंवा इग्निशन कॉईल. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं आणि तो लालभडक तापतो. त्याच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले महाग धातू असतात, एकदा आतून वितळला की नवीन टाकायला हजारोंचं बिल, आणि प्लग बदलायला त्याच्या तुलनेत काहीच लागत नाही. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आपल्या विदर्भात एप्रिल-मे मधे रस्त्याच्या कडेचं गवत कडकडीत वाळलेलं असतं, असा तापलेला कन्व्हर्टर त्या गवतावर उभा केला तर आग लागू शकते. त्यामुळे दिवा लुकलुकला की पाय हळूच सोडायचा, लुकलुकणं थांबून गाडी गुळगुळीत चालली तर सावकाश जवळच्या एक्झिटपर्यंत जायचं, नाही थांबलं तर डांबरावर-काँक्रीटवर जागा बघून उभी करायची, गवतात नाही, आणि क्रेन बोलवायची.

जुन्या अमरावती-अकोला रस्त्याने जायचो तेव्हा हे सगळं माहीत नसलं तरी चालून जायचं, प्रत्येक ढाब्याजवळ एक मिस्त्री, एक पंक्चरवाला असायचा, लिंबाखाली गाडी लावली की कोणीतरी पाना घेऊन यायचंच. समृद्धी बंदिस्त रस्ता आहे. शिवमडक्याला चढलात की उतरायचं ते इंटरचेंजलाच, मधे कोणी मिस्त्री मोटरसायकलवर येईल म्हणावं तर दुचाकीला बंदी. ७०१ किलोमीटरचा रस्ता, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मधे शेवटचा टप्पा पण, रस्ता म्हणून तो उत्तमच आहे, आमच्यासारख्यांचे किती तास वाचले. पण अशा रस्त्यावर ड्रायव्हरलाच थोडं जास्त कळायला पाहिजे, कारण विचारायला कोणी नाही.

आमचंच सांगतो. पुण्याहून लग्न आटोपून परत येत होतो, गाडी तिथे पाहुण्यांच्या सोसायटीत खाली बरेच दिवस उभी होती. संभाजीनगरपर्यंत काही नाही, समृद्धीला लागलो, जालना मागे टाकलं आणि दिवा पेटला, स्थिर. आई मागे बसलेली, ती लगेच म्हणाली बाबू गाडी थांबव. मी काटा पाहिला, आवाज ऐकला, सौ.ने ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढून वाचलं, एसी चालू ठेवला कारण बाहेर ऊन मरणाचं आणि आईला त्रास झाला असता, आणि तसंच हळूहळू मेहकरला उतरलो. गावात एका मिस्त्रीकडे स्कॅनर होता, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र. त्याने स्टिअरिंगच्या खालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधे लावला, कोड आला पी ०१३५, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पुढच्या सेन्सरच्या हीटरची लाईन. बोनेट उघडून टॉर्च मारला तर वायर कुरतडलेली, उंदीर! तो म्हणे, "भाऊ, काळजी नका करू, इंजिनले काही नाही झालं, उंदरानं वायर खाल्ली, ॲव्हरेज जराकसं कमी देईन, नागपूरला जाऊन नीट करून घ्या." वायर जोडून टेप लावली आणि कोड खोडायच्या आधी मला म्हणाला फोटो काढून ठेवा. हे त्याचं मला फार आवडलं.

कारण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काय करतात तर बॅटरीची वायर काढून लावतात, दिवा विझतो, गिऱ्हाईक खुश. पण कॉम्प्युटर कोडबरोबर त्या क्षणाची स्थिती पण साठवून ठेवतो, इंजिन किती फिरत होतं, स्पीड काय, पाणी किती तापलं होतं, ते सगळं पुसलं जातं आणि मग खऱ्या दुरुस्तीच्या वेळी मिस्त्रीच्या हातात काहीच राहत नाही. खराबी तशीच असते, दोनचार दिवसांनी दिवा परत. म्हणून कोणी दिवा घालवून देतो म्हटलं तर आधी कोडचा फोटो मागा. आणि सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं की चावी फिरवली, इंजिन चालू न करता, तर तो पिवळा दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. चावी फिरवूनही पेटलाच नाही तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

मोबाईलवर लोक सांगतात की पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, दिवा जातो. ते मुख्यतः अमेरिकेतल्या गाड्यांचं आहे, तिथल्या नियमांत टाकीतून वाफ गळते का हे गाडीने स्वतः तपासावं लागतं. झाकण बघून घ्या, पण त्यावरच विसंबू नका. डिझेलवाल्यांचं आणखी वेगळं, २०२० नंतरच्या बीएस सहा डिझेल गाड्यांत धूर गाळायचा फिल्टर असतो, त्याचा दिवा वेगळा असतो, आणि धरमपेठ ते सीताबर्डी अशीच रोज फिरणारी गाडी असेल तर तो काजळीने भरतो. तो दिवा लागला तर उलट हायवेवर वीसेक मिनिटं एका लयीत चालवली की बहुतेक वेळा फिल्टर आपोआप साफ होतो. एक दिवा म्हणतो हळू चालवा, दुसरा म्हणतो जरा पळवा, आता हे कोणी सांगितल्याशिवाय माणसाला कळणार कसं?

आणि सांगत कोणीच नाही. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेचे विषय केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधे दिलेत, वाहतुकीची चिन्हं, अपघात झाला तर ड्रायव्हरचं कर्तव्य, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग, जवळ ठेवायची कागदपत्रं. बरोबरच आहेत. पण डॅशबोर्ड त्यात नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात गाडीची यंत्रणा आणि दुरुस्ती हा भाग आहे, पण प्रत्यक्षात क्लच, ब्रेक आणि आठ काढणं यापुढे पोरांना काही दाखवलेलं मी पाहिलं नाही. नवीन गाडीची डिलिव्हरी घेताना हार, पेढे, फोटो सगळं होतं, दिव्यांचा अर्थ सांगायला पाच मिनिटं कोणाकडे नसतात. पीयूसीला सायलेन्सरमधे नळी घालतात, डॅशबोर्डकडे कोणी बघत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. समृद्धीवरच्या पेट्रोल पंपांच्या ठिकाणी एक मिस्त्री आणि एक स्कॅनर चोवीस तास असावा, साधा स्कॅनर तर हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो, तो ठेवायला कुठलं मोठं टेंडर लागत नाही. शिवमडक्याच्या टोल नाक्यावर स्पीडच्या बोर्डाशेजारी एक बोर्ड लावा: लाल दिसला तर थांबा, पिवळा लुकलुकला तर हळू करा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा, पिवळा स्थिर असला तर हळू चालवत पुढच्या एक्झिटला उतरा. त्याच बोर्डावर हेही लिहा की रस्त्यात थांबायचीच वेळ आली तर चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण मागे लांब नेऊन ठेवा, आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून रेलिंगच्या पलीकडे उभं राहा, म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी सुद्धा. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेतही या दिव्यांवर एखादा प्रश्न यावा, आरटीओने तेवढं वर कळवावं.

आणि तुम्हाला विनंती, तुमच्या रविवारच्या पानावर या दिव्यांची रंगीत चित्रं एकदा छापा, अर्ध पान पुरेल. कात्रण मी आमच्या सोसायटीच्या बोर्डावर लावतो, आणि दरवर्षी सुट्ट्यांच्या आधी परत छापलं तर आणखी बरं होईल.

आपला नियमित वाचक,
मानेवाडा, नागपूर