आधी बक्षिसाचा कागद बदला: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सस्नेह नमस्कार. खेळांच्या स्पर्धांत मुलींना मुलांपेक्षा कमी बक्षीस मिळतं, त्याबद्दल हे पत्र आहे. आपला वेळ मोलाचा आहे, तरी दोन तास काढून 'बॅटल ऑफ द सेक्सेस' हा इंग्रजी सिनेमा पाहावा, अशी विनंती करते. २०१७ चा आहे. एमा स्टोन टेनिसपटू बिली जीन किंग झाली आहे आणि स्टीव्ह कॅरेल बॉबी रिग्ज.

गोष्ट खरी घडलेली. २० सप्टेंबर १९७३ रोजी अमेरिकेत, ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये २९ वर्षांची बिली जीन आणि ५५ वर्षांचा रिग्ज टेनिस कोर्टावर समोरासमोर आले. रिग्ज हा १९३९ चा विम्बल्डन विजेता, पण तोवर म्हातारपणाकडे झुकलेला आणि पैजांचा नाद असलेला. बायकांचं टेनिस म्हणजे पोरखेळ, असं तो चारचौघांत ओरडून सांगायचा. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने मार्गारेट कोर्ट या अव्वल महिला टेनिसपटूला ६-२, ६-१ असं लोळवलं होतं, म्हणून तर बिली जीनला उतरावं लागलं. सामन्याआधीचा थाट एखाद्या वरातीला लाजवील असा. ती क्लिओपात्रासारखी पुरुषांच्या खांद्यावरच्या मेण्यातून आली, तो बायकांनी ओढलेल्या रिक्षातून. त्याने तिला भलंथोरलं लॉलीपॉप दिलं, तिने त्याच्या हातात डुकराचं पिल्लू ठेवलं. मैदानात ३०,४७२ प्रेक्षक होते आणि टीव्हीवर जगभरात नऊ कोटी लोकांनी पाहिलं असा अंदाज सांगतात. बिली जीन ६-४, ६-३, ६-३ अशी जिंकली.

इथवर आलं की प्रेक्षक टाळ्या वाजवतात. बाईने पुरुषाला हरवलं! मला मात्र या टाळ्यांची थोडी धास्ती वाटते. येत्या महिला दिनाला जिल्ह्याजिल्ह्यात 'अधिकारी विरुद्ध महिला कर्मचारी' अशी रस्सीखेच ठेवून, फोटो काढून आपण मोकळे होऊ. पंचावन्न वर्षांच्या माणसाला एकोणतिशीतल्या खेळाडूने हरवलं, यात माझ्यासारख्या कबड्डी शिकवणाऱ्या बाईला नवल वाटण्यासारखं फार काही नाही.

माझं लक्ष सिनेमाच्या सुरुवातीवर आहे. १९७० साली लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर जाहीर झाले. आयोजक होता जॅक क्रेमर, स्वतः मोठा खेळाडू. प्रेक्षक पुरुषांना बघायला येतात, हे त्याचं म्हणणं. बिली जीन, रोझी कॅसल्स आणि आणखी सात जणींनी त्याच्या स्पर्धेकडे पाठ फिरवली, ग्लॅडिस हेल्डमन या मासिकाच्या संपादक बाईंबरोबर एक-एक डॉलरचा करार केला आणि ह्यूस्टनला आपली वेगळी स्पर्धा खेळल्या. अमेरिकेच्या टेनिस संघटनेने निलंबनाचा बडगा दाखवला, तरी मागे हटल्या नाहीत.

पुढे १९७२ ची अमेरिकन ओपन जिंकल्यावर बिली जीनला मिळाले १०,००० डॉलर आणि पुरुष विजेत्या इली नास्तासेला २५,०००. तिने सांगून टाकलं की पुढच्या वर्षी बक्षीस सारखं नसेल तर मी येणार नाही. नुसती धमकी देऊन ती बसली नाही, फरकाची रक्कम भरायला एक डिओडरंटवाली कंपनीही गाठून दिली. १९७३ च्या अमेरिकन ओपनमध्ये बक्षीस समान झालं. महोदय, ही घोषणा रिग्जबरोबरच्या सामन्याच्या आधीची आहे. सिनेमाच्या धामधुमीत हा क्रम सहज निसटतो. पैसे समान झाले ते करारात, वाटाघाटीच्या टेबलावर. अ‍ॅस्ट्रोडोमची रात्र नंतर आली. आणि तेवढी गाजलेली रात्र होऊनही विम्बल्डनला समान बक्षीस द्यायला २००७ उजाडलं.

आता आपल्याकडे येते. मी सातारा जिल्ह्यात मुलींना कबड्डी शिकवते. गेल्या हंगामात एका स्पर्धेची पत्रिका हातात आली. वर नेतेमंडळींचे फोटो, मधोमध चषक, खाली दोन रकाने. पुरुष गट, प्रथम क्रमांक: रोख रक्कम आणि चषक. उत्कृष्ट चढाईपटूला मोटारसायकल, उत्कृष्ट पकडीला फ्रीज. महिला गट, प्रथम क्रमांक: निम्म्याहूनही कमी रक्कम आणि चषक. उत्कृष्ट चढाईपटूला मिक्सर. माझी डावी चढाईपटू ती पत्रिका वाचून म्हणाली, "मॅडम, मिक्सर आईला देईन, पण बसला पैसे कोण देणार?"

आयोजकांना विचारलं तर उत्तर क्रेमरचंच, फक्त मराठीतून: पब्लिक पोरांच्या मॅचला येतं. येणारच. मुलींचे सामने दुपारी दोनला लावतात. तापलेल्या मॅटवर पकड करताना कोपरं सोलून निघतात, आणि बघायला असतात पंच, माइकवाला आणि मुलींचे बाप. दिवे लागले, पाहुणे आले, सत्कार झाले की पुरुषांचे सामने सुरू. मग गर्दी मोजायची आणि बक्षीस ठरवायचं. दुसरं उत्तर असं की मुलींचा डाव पंधरा मिनिटांचा, पोरांचा वीस मिनिटांचा. हा नियम मुलींनी मागून घेतला होता का? वेळ वाढवा, आम्ही खेळतो. रिग्जविरुद्धचा सामना पाच सेटचा ठरला होता, तेव्हा बिली जीनने कुठे कुरकुर केली?

आपल्या देशात हे कुणी करून दाखवलं नाही असंही नाही. स्क्वॉशपटू दीपिका पल्लीकलने बक्षीस असमान म्हणून २०१२ पासून राष्ट्रीय स्पर्धेवर बहिष्कार टाकला. २०१६ मध्ये रक्कम समान झाली तेव्हाच ती परतली. क्रिकेट मंडळाने २०२२ मध्ये मॅच फी समान केली, कसोटीला १५ लाख. वार्षिक करारात अजून जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण एक दार तरी उघडलं. दीपिका नावाजलेली खेळाडू होती, तिला बहिष्कार परवडला. माझ्या मुलींनी एक स्पर्धा सोडली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्यांची जागा भरायला दुसरा संघ तयारच असतो. म्हणून हे काम मुलींच्या अंगावर न टाकता सरकारने करायचं आहे.

आणि या राज्याच्या दप्तरी एक जुना हिशेबही पडून आहे. हमीदा बानू ही महिला पहिलवान पुरुष मल्लांशी लढायची. १९५४ मध्ये बडोद्याला बाबा पहिलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत चीतपट केलं. पुण्यात मात्र पुरुष मल्लाबरोबरची तिची लढत स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली, आणि कोल्हापुरात एका मल्लाला हरवल्यावर तिच्यावर दगड आले. तिच्या कुस्त्यांवर बंदी आल्यावर तिने तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे लेखी दाद मागितली. उत्तर आलं की बंदी बाई म्हणून नाही, आयोजक बनावट मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. खरं-खोटं देव जाणे. अडचण आयोजकांची होती, तर शिक्षा तिला का झाली, एवढंच मला त्या वेळच्या सरकारला विचारायचं होतं. आता आपल्याला विचारते.

माझी मागणी छोटी आहे. एक शासन निर्णय काढा. ज्या स्पर्धेला शासनाचं अनुदान मिळतं, आमदार-खासदार निधीतून मॅट किंवा दिवे मिळतात, किंवा जिल्हा क्रीडा संकुल सवलतीत मिळतं, तिथे पुरुष आणि महिला गटाची बक्षिसं सारखी असावीत, वैयक्तिक बक्षिसांसह. महिलांचा अंतिम सामनाही दिव्यांखाली व्हावा. पैसे कमी असतील तर दोन्ही गटांचे कमी करा, आमची तक्रार नाही. मोटारसायकल विकून दोन फ्रीज येतात, हे आयोजकांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

जीआर निघेपर्यंत एक गोष्ट तर आपल्या एकट्याच्या हातात आहे. निमंत्रण आलं की आपल्या स्वीय सहायकांना पत्रिकेतले दोन्ही रकाने वाचायला सांगा. आकडे वेगळे दिसले तर येणार नाही असं कळवा. पत्रिकेवरून आपला फोटो काढून टाकावा लागणार म्हटल्यावर आयोजक त्याच संध्याकाळी आकडे बदलतील, याची मला खात्री आहे.

आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पत्रिका दसऱ्याच्या सुमारास छापायला जातात. निर्णय व्हायचा असेल तर त्याआधी व्हावा.

आपली,
मुलींच्या कबड्डी संघाची एक प्रशिक्षक
सातारा जिल्हा