रोमच्या तटबंदीबाहेरही थोडा वेळ द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोप सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत रोमच्या वाट्याला बहुधा एखादा दिवस येतो आणि तो कोलोसियम, फोरम व व्हॅटिकन येथील रांगांतच सरतो. जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले होते आणि त्यातच ‘व्हिया आप्पिया’ या प्राचीन रोमन राजमार्गाचा वारसा यादीत समावेश झाला. पण या मार्गाचे नाव आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातींत अजून अभावानेच आढळते. रोमला जाणाऱ्यांनी निदान अर्धा दिवस राखून हा मार्ग आणि त्याच्या आसपासचे माळरान पाहावे, आणि तेही ई-सायकलवरून पाहावे, असे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ई-सायकलचा आग्रह हौसेपोटी नाही. आप्पियस क्लॉडियस या अधिकाऱ्याने इ. स. पू. ३१२ मध्ये रोमपासून कापुआपर्यंत हा रस्ता बांधायला घेतला आणि पुढे तो ब्रिंडिसी बंदरापर्यंत नेण्यात आला. शहराच्या हद्दीत अंत्यविधी करण्यास रोमन कायद्याची मनाई असल्यामुळे श्रीमंत घराण्यांनी आपल्या समाध्या वेशीबाहेर, याच रस्त्याच्या दुतर्फा उभारल्या. साहजिकच येथील अवशेष एका आवारात नसून कित्येक किलोमीटर ओळीने विखुरलेले आहेत. पायी जाणारा निम्म्या वाटेत थकतो आणि बसमधून जाणाऱ्याला त्यातले फारसे काही दिसत नाही. युरोपीय नियमांनुसार सायकल म्हणून गणल्या जाणाऱ्या ई-सायकलची मोटर २५० वॅटपेक्षा अधिक शक्तीची नसते, पायडल मारल्याशिवाय तिची मदत मिळत नाही आणि ताशी २५ किलोमीटरला ती मदत थांबते. त्यामुळे हे आयते बसून जाण्याचे वाहन नव्हे, मात्र ज्यांचे गुडघे कुरकुरू लागले आहेत त्यांनाही चढ आणि अंतर झेपते. ‘मोटर लावून कसली सायकल’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

काही टप्प्यांत मूळची फरसबंदी अजून शाबूत आहे. काळसर लाव्हाच्या दगडांचे मोठमोठे चिरे एकमेकांना बिलगून बसवलेले आहेत, त्यांचे माथे झिजून गोल झाले आहेत आणि मधूनमधून गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या स्पष्ट दिसतात. त्यांवरून सायकल नेताना हाडे खिळखिळी होतात. तेव्हा रुंद टायरची सायकल घ्यावी, आणि अशा ठिकाणी उतरून ती हाताने ढकलत नेणे उत्तम. नाहीतरी हे चिरे निरखण्यासाठी उतरावेच लागते. सेसिलिया मेटेला या श्रीमंत घराण्यातील रोमन स्त्रीची गोलाकार, भव्य समाधी ज्या टेकाडावर उभी आहे, ते टेकाडच मुळी रोमजवळच्या अल्बान टेकड्यांतील ज्वालामुखीच्या लाव्हाप्रवाहाचे आहे. समाधीच्या वरच्या कडेला बैलांच्या कवट्यांची कोरीव पट्टी आहे आणि मध्ययुगात कायतानी घराण्याने तिला जोडून गढी बांधली. पुढे क्विंतिली या धनाढ्य रोमन बंधूंचा विस्तीर्ण प्रासाद लागतो. सम्राट कोमोडसने या भावांना ठार करवून तो बळकावला, आणि अवशेषांचा पसारा पाहिला की त्याचा हव्यास समजतो.

माझ्या मते या भटकंतीचा कळस मात्र जलसेतूंचा, म्हणजे शहराला पाणी आणणाऱ्या उंच पाटांचा, परिसर आहे. आप्पिया मार्गाला समांतर असलेल्या या उद्यानात क्लॉडिया जलसेतूच्या उंच कमानी गवताळ मैदानातून ओळीने निघून जातात. सम्राट कालिगुलाने इ. स. ३८ मध्ये सुरू केलेले हे काम सम्राट क्लॉडियसच्या काळात, इ. स. ५२ मध्ये पुरे झाले. जेथे बांधकाम तुटले आहे तेथे खालून पाहिले असता एकावर एक असे दोन पाट दिसतात: खालचा क्लॉडियाचा आणि वरचा आनिओ नोव्हस या दुसऱ्या जलसेतूचा. पाणी दूरच्या डोंगरांतून केवळ उताराच्या बळावर येत असे. शहराच्या बाजूला, तोर फिस्काले येथे, क्लॉडिया आणि मार्चिया हे जलसेतू एकमेकांना छेदत असत. इ. स. ५३७ मध्ये रोमला वेढा घालणाऱ्या गॉथ या जर्मानिक टोळीच्या सैन्याने पाणी तोडले आणि याच कमानी बुजवून तेथे आपली तटबंदीयुक्त छावणी केली. शहराची तहान भागवणाऱ्या बांधकामाचा शत्रूने किल्ला करावा, ही गोष्ट जागेवर उभे राहिल्याशिवाय पटत नाही.

एक सावधगिरीची सूचना. रोमच्या जुन्या तटबंदीतील सान सेबास्तियानो वेशीपासूनचा सुरुवातीचा रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत आणि मोटारी बेधडक धावतात. सायकलची सवय नसलेल्यांनी तो टप्पा टाळून सेसिलिया मेटेलाच्या समाधीजवळूनच सुरुवात करावी; त्या परिसरात सायकली भाड्याने मिळतात. तसेच, गटाने भरधाव जाऊन पायी चालणाऱ्यांना बाजूला हटवणारे पर्यटक तेथे असतात, त्यांत आपली भर नसावी.

सहल आयोजकांना विनंती अशी की, त्यांनी ही फेरी ऐच्छिक म्हणून तरी कार्यक्रमात घालावी आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती सकाळी लवकर ठेवावी, कारण कमानींच्या माळावर सावली थोडीच आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक