चावी अजून देऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझा फोन तीनदा येऊन गेला, मी उचलला नाही. बोलताना धीर सुटला असता, म्हणून लिहितोय.

आमच्या थोरल्याच्या हातून अपघात झाला. सकाळी सहाची वेळ, सिंहगड रस्ता. डावीकडे वळताना त्यानं इंडिकेटर दिला नाही, आरशातही पाहिलं नाही. डाव्या अंगानं सरळ चाललेले सायकलवरचे काका गाडीवर आदळले. पहिल्या पाळीला निघालेले वॉचमन, वय पंचावन्न. नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घालावा लागला.

पोरगा पळाला नाही. एका रिक्षावाल्याच्या मदतीनं त्यानंच त्यांना दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा तो कॅज्युअल्टीबाहेर बाकावर बसला होता. मांडीवर काकांचा स्टीलचा डबा, झाकण चेपलेलं, भाजीचं तेल शर्टावर उतरलेलं. तो डबा काही केल्या खाली ठेवेना.

माझा मेहुणा कानाशी लागला, "गाडी ड्रायव्हर चालवत होता असं सांगू." खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. तेवढ्यात पोरगाच उठून हवालदारांना म्हणाला, "साहेब, गाडी मीच चालवत होतो." माझ्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्श अपघातानंतर त्या अल्पवयीन पोराला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावरून आपण दोघं किती चिडलो होतो, आठवतंय?

मग पंचनामा, एफआयआर, गाडीची आरटीओ तपासणी. भारतीय न्याय संहितेची 281 (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि 125 (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) ही कलमं लागली. हाड मोडलं की कायद्यानं ती गंभीर दुखापत. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे त्याच दिवशी सुटला. पण तारखा सुरू राहणार. वय एकोणीस, आणि पासपोर्टच्या फॉर्मवर आता हा खटला लिहावा लागेल.

एकजण सुचवत होता, काकांच्या हातावर पन्नास हजार ठेवा आणि सही घ्या. मी ऐकलं नाही. गाडीच्या पॉलिसीची प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं, अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा, 6 महिन्यांच्या आत. बुडालेला पगार, उपचार, पायात राहील ते अधूपण, सगळं त्यात मागता येतं. काकू नुसत्या ऐकत राहिल्या. चहा मात्र दिला. तो घशाखाली उतरला नाही रे.

आता तुझ्या धाकट्याचं. क्लासला जायला स्कूटर देतोस म्हणालास. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं, आणि तुझी स्कूटर 110ची. त्याच्या हातून असं काही झालं तर मोटार वाहन कायद्याच्या 199अ कलमाखाली तुला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि त्याला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. वहिनींनाही हे वाचून दाखव.

थोरला दर रविवारी काकांकडे जातो. सायकलची पुढची रिम बदलून आणलीय. "उभा राहीन तेव्हा घेऊन ये," असं ते म्हणालेत. तोवर ती आमच्या जिन्याखाली आहे. तो रोज तिच्यावरची धूळ पुसतो.

पुढच्या शनिवारी मी येतोय. तोपर्यंत चावी तुझ्याच खिशात ठेव.

तुझाच,
जुना सोबती