रेसिडेन्सीच्या इलेक्ट्रिशियन दादांना, जाहीर थँक्यू

दादा,

आमच्या इंटरॅक्टिव्ह कामाच्या, म्हणजे समोर माणूस आला की प्रतिसाद देणाऱ्या कलाकृतीच्या, उद्घाटनाच्या भाषणात तुमचं नाव एका वाक्यात येऊन गेलं, तेवढ्यावर आमचं समाधान नाही म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

रेसिडेन्सीला, म्हणजे काही काळ एका जागी राहून काम करायला, आलेला आर्टिस्ट लॅपटॉप, सेन्सर, कोड सगळं सोबत घेऊन येतो, पण इमारत त्याला नवीन असते आणि तुम्हाला तोंडपाठ. डेप्थ कॅमेरा, म्हणजे समोरची वस्तू किती लांब आहे ते ओळखणारा कॅमेरा, कुठल्या भिंतीवर लावायचा यावर आमची चर्चा चालू होती आणि तुम्ही फक्त विचारलंत की हा बघतो कसा. इन्फ्रारेड सोडतो आणि परत आलेला प्रकाश वाचतो असं सांगितल्यावर तुम्ही खिडकीकडे बोट केलंत, चारनंतर इथे सरळ ऊन येतं म्हणालात. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं, त्यात सेन्सरचा स्वतःचा प्रकाश बुडून जातो आणि माणूस समोर उभा असला तरी मशीनच्या लेखी तिथे कोणीच नसतं. भिंत बदलली, विषय संपला.

मग ती एलईडीची पट्टी. टेस्टिंगला शेवटच्या टोकाचा पांढरा रंग लालसर दिसायला लागला, रूममधले सगळे कोडमध्ये घुसले आणि तुम्ही शांतपणे मल्टीमीटर लावलात. सुरुवातीला ५ व्होल्ट, शेवटी ४ च्याही खाली. पट्टीतला पांढरा हा लाल, हिरवा आणि निळा मिळून बनतो, आणि निळ्या-हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं त्यामुळे आधी तेच मंद होतात, लाल तेवढा तग धरतो. एका पिक्सेलला, म्हणजे पट्टीवरच्या एका दिव्याला, फुल पांढऱ्यावर साधारण ६० मिलीअँपिअर, म्हणजे ३०० पिक्सेलचे १८ अँपिअर, आणि ते एका टोकाकडून पट्टीतल्या पातळ तांब्यातून ढकलायचे! तुम्ही दोन्ही टोकांना आणि मध्ये जाड वायरने सप्लाय दिलात, प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज टाकलात, आणि वायरिंग इतकं नीटनेटकं की ते झाकायला आम्हाला जिवावर आलं.

पण खरं थँक्यू तुमच्या एका प्रश्नासाठी आहे, तुम्ही लोक गेल्यावर हे रोज सकाळी चालू कोण करणार? इंटरॅक्टिव्ह कामांचं हेच होतं हो, आर्टिस्ट असेपर्यंत सगळं छान, तो गेला की चार दिवसांत स्क्रीनवर डेस्कटॉप आणि बाजूला ‘तात्पुरते बंद’ची पाटी. तुम्ही अटच घातलीत, वॉचमननी एक स्विच दाबला की सगळं उभं राहिलं पाहिजे, कीबोर्ड नको, पासवर्ड नको. मग कॉम्प्युटरला करंट आला की तो आपोआप सुरू होईल अशी सेटिंग, प्रोग्रॅम अडकला तर स्वतःच रीस्टार्ट, आधी लाइट मग सेन्सर मग प्रोजेक्टर असा क्रम, हे सगळं त्या अटीमुळे झालं. आणि मध्येच तुम्ही मेन स्विच खाली ओढून बघायचात, परत येतंय का! आमच्या छातीत धस्स व्हायचं, तुम्ही मात्र निवांत. आमच्या मते संपूर्ण कामातलं सगळ्यात विचारपूर्वक डिझाइन तेच आहे, फक्त ते कोणाला दिसत नाही.

ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कला ‘नाइन इव्हनिंग्ज’ नावाचा कार्यक्रम झाला होता, १० कलाकार आणि त्यांच्यासोबत बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेचे तीसेक इंजिनिअर. तो जमवून आणण्यात रॉबर्ट राउशनबर्ग या चित्रकाराच्या बरोबरीने बिली क्लूवर हा इंजिनिअर होता आणि इतिहासात दोघांचंही नाव आहे. म्हणजे रीत जुनीच आहे, पाळत कोणी नाही.

तर भिंतीवरच्या पाटीवर आम्ही तुम्हाला न विचारता एक गोष्ट केलीये. खाली बारीक अक्षरात ‘तांत्रिक साहाय्य’ वगैरे न लिहिता तुमचं नाव आमच्याच ओळीत, त्याच साइजमध्ये छापलंय. आडनाव बरोबर आहे का तेवढं बघून घ्या, बाकी तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

तुमच्या,
तळमजल्यावरच्या दोघी

ता.क. पुढच्या शहरातल्या जागेचा प्लॅन पाठवलाय, खिडक्या कुठे आहेत ते मार्क करून.