मूळपेशींवर आशा ठेवताना

महोदय,

मूळपेशींपासून, म्हणजे इतर प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशींपासून, घडवलेल्या दृष्टिपटलाच्या प्रत्यारोपणाला ‘अंधत्वावर रामबाण उपाय’ म्हटले जाते, तेव्हा वाईट वाटते. माझ्या आईला मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग झिजण्याचा विकार आहे. तिला दाराची चौकट दिसते, दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. २०१४मध्ये जपानमध्ये डॉ. मासायो ताकाहाशी यांच्या पथकाने हाच विकार असलेल्या एका वृद्धेच्याच त्वचेतल्या पेशींना मूळपेशी बनवून त्यांपासून तयार केलेला, दृष्टिपटलाला आधार देणाऱ्या रंजकपेशींचा जेमतेम तीन मिलिमीटरचा पापुद्रा तिच्या डोळ्यात बसवला. तिची दृष्टी सुधारली नाही, मात्र वर्षभरात आणखी खालावलीही नाही, आणि आमच्यासाठी एवढेही थोडे नाही. याउलट अमेरिकेत पैसे घेऊन चरबीतल्या मूळपेशी दोन्ही डोळ्यांत टोचल्याने तीन महिलांची दृष्टी गेल्याचे २०१७मध्ये उघड झाले. चाचणीच्या नावाखाली रुग्णाकडूनच पैसे मागणाऱ्या दवाखान्यांना आपल्या वृत्तपत्राने जाहिरातीची जागा देऊ नये, ही विनंती.

– एक वाचक