अण्णांच्या बाजूची काच खाली करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. टेक्सासमध्ये ईगल लेकजवळच्या अ‍ॅटवॉटर प्रेअरी चिकन अभयारण्यात, एप्रिलमधल्या त्या सकाळी आमची व्हॅन चालवणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाई, त्या तुम्ही. मी मराठीतच लिहितेय. ह्यूस्टनला राहणारा माझा भाऊ तुम्हाला वाचून, समजावून सांगेल.

काचबिंदूने अण्णांची, माझ्या वडिलांची, दृष्टी गेली. आठवडाभर आधी दुसऱ्या एका उद्यानात आम्ही तिकिटाच्या रांगेत होतो. खिडकीतला माणूस म्हणाला, "यांना दिसत नाही ना? मग फेरीला नेऊन काय उपयोग? गाडीतच बसू दे त्यांना." अण्णांना इंग्रजी कळतं. ते काही बोलले नाहीत. मला ते अजून गिळता आलेलं नाही.

तुम्ही त्यांची काठी पाहिलीत आणि त्यांना पुढे, स्वतःशेजारी बसवलंत. गवतात प्रेअरी चिकन, म्हणजे गवताळ रानातले ते कोंबडीसारखे पक्षी, नाचू लागले, सगळ्यांनी दुर्बिणी सरसावल्या, आणि तुम्ही इंजिन बंद केलंत. अण्णांच्या बाजूची काच खाली केलीत. त्यांचा खांदा हलकेच धरून आवाजाकडे वळवलात. बस्स, एवढंच. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा तो आवाज घुमत होता. गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून नर माद्यांना बोलावत होते, ते आम्ही पाहिलं. अण्णा म्हणाले, "तीन आहेत. एक लांब, डावीकडे." तो डावीकडचा आम्हाला दुर्बिणीतूनही सापडला नव्हता.

अण्णा सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर वाढलेत. तिथे त्यांच्या लहानपणी माळढोक घुमायचा. 1979 मध्ये अभयारण्य झालं, तरी आता एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. माळ म्हणजे पडीक जमीन, असं आपल्याकडे धरूनच चालतात. तुमच्याकडेही तेच झालं. किनाऱ्यालगतच्या त्या गवताळ रानातलं एक टक्काही उरलं नाही, आणि कधीकाळी दहा लाखांच्या घरात असलेला तुमचा हा प्रेअरी चिकन 1967 मध्येच संकटग्रस्तांच्या यादीत गेला. पिंजऱ्यात वाढवून सोडावा, तर बाहेरून आलेल्या लाल मुंग्या पिल्लांच्या वाट्याचे किडे संपवतात. 2017 मध्ये हार्वे वादळाच्या पुरात कितीतरी पक्षी गेले. तरी तुम्ही मंडळी पुन्हा पिल्लं वाढवता, पुन्हा सोडता. इतका धीर ज्यांच्याकडे आहे, त्यांना एका म्हाताऱ्या माणसासाठी थांबणं जड गेलं नाही, याचं आता मला नवल वाटत नाही.

नर गप्प झाले. मागे कुणीतरी घड्याळ पाहिलं. अण्णा तसेच बाहेर कान लावून बसले होते. त्यांनी मान हलवेपर्यंत तुम्ही किल्ली फिरवली नाहीत.

तुमची,
अण्णांची मुलगी