थंडीत पोरांना पक्षी दाखवा की

संपादक साहेब, परवा रविवारी पोरांना कानटोप्या घालून, डब्यात कडक भाकरी न शेंगाचटणी घेऊन सकाळी सातलाच हिप्परगा तलावावर नेलं, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यावाले राजहंस दिसले, हे हिमालय ओलांडून येतात म्हटल्यावर धाकटी म्हणते मग त्यांना थंडी नाही वाजत का, मला उत्तरच सुचेना. आणि आपण पेंग्विन बघायला पार मुंबईला राणीच्या बागेत जातो! नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीच्या गड्डा यात्रेपर्यंत दर रविवारी कोणी जाणकार दुर्बीण घेऊन तलावावर थांबला, नान्नजच्या अभयारण्यात काळवीट दाखवायला एखादी बस सोडली तर घरचे सगळे येतील. वेळ मात्र सकाळचीच ठेवा, अकरानंतर आपल्याकडं डिसेंबरातही ऊन चटकतं.

– एक वाचक, सोलापूर